माशांच्या आधी जिवाणूंचा गृहप्रवेश

दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत गप्पी, एंजल, गोल्डफिश पाळून झाले की हौशी मत्स्यपालकाला समुद्री माशांची ओढ लागते. २००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश घरोघरी ओळखीचा झाला. टाकी आणली जाते, पाण्यात मीठ विरघळवले जाते आणि दुसऱ्याच दिवशी मासे सोडले जातात. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असते. तरीही तीन-चार दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि आठवडा संपण्यापूर्वी टाकी रिकामी होते. मग बोल लावला जातो तो दुकानदाराला, नाही तर समुद्री माशांच्या नाजूकपणाला.

बहुतेक वेळा खरा अपराधी असतो अमोनिया. माशांच्या कल्ल्यांतून तो सतत बाहेर पडतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि थोड्या प्रमाणात असेल तर त्याचा वासही येत नाही. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो. सामू जितका वाढतो, तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत खपून जाणारा हलगर्जीपणा येथे माशांच्या जिवावर बेततो.

निसर्गात हे विष जिवाणू पचवतात. त्यांचा एक गट अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतो, तर दुसरा नायट्राइटचे नायट्रेटमध्ये. नायट्रेट बेताच्या प्रमाणात माशांना सोसते. दुसऱ्या टप्प्याचे श्रेय वर्षानुवर्षे ‘नायट्रोबॅक्टर’ला दिले जात होते. मत्स्यटाक्यांत हे काम मुख्यतः ‘नायट्रोस्पायरा’ हे जिवाणू करतात, असे १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते कशाला तरी चिकटून राहतात. म्हणून त्यांना घर लागते आणि ‘लाइव्ह रॉक’ हे त्यांचे सर्वांत प्रशस्त घर.

नाव ‘जिवंत खडक’ असले तरी खडक स्वतः जिवंत नसतो. तो मृत प्रवाळांच्या सांगाड्यांचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, सच्छिद्र तुकडा असतो. जिवंत असते ते त्यावरचे आणि त्यातले जग: जिवाणू, जांभळट शैवाल, स्पंज, कृमी, इवले कवचधारी प्राणी. बाहेरच्या थरात प्राणवायू मुबलक असल्याने तेथे अमोनिया पचवला जातो. आत खोलवर प्राणवायू पोहोचत नाही. तेथील वेगळे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. एकाच दगडात असे दोन कारखाने चालतात. हा गुण टाकीसाठी वापरण्याची कल्पना जाकार्ताच्या ली चिन इंग यांनी १९६१ मध्ये लेखाद्वारे मांडली. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला फेसाद्वारे मळ काढणाऱ्या ‘प्रोटीन स्किमर’ची जोड दिली. लिटरमागे सुमारे १२० ते १८० ग्रॅम खडक हा त्या काळापासूनचा प्रचलित ठोकताळा. अर्थात खडक किती सच्छिद्र आहे, यावर तो बदलतो.

समुद्रातून काढलेल्या खडकावरचे बरेचसे जीव प्रवासात मरतात. तो थेट टाकीत ठेवला तर तेच कुजून अमोनिया वाढवतात. म्हणून आधी वेगळ्या पिंपात, खाऱ्या वाहत्या पाण्यात तो काही आठवडे ‘मुरवतात’. सडका वास जाईपर्यंत ब्रशने घासणे आणि पाणी बदलणे चालू राहते. नको असलेले पाहुणे मारण्यासाठी काही जण खडक उकळतात. हे मात्र चुकूनही करू नये. काही झोअँथिड जीवांत ‘पॅलिटॉक्सिन’ हे जहाल विष असते आणि वाफेतून ते श्वासात जाऊन माणसे रुग्णालयात पोहोचल्याच्या घटना घडल्या आहेत.

भारतातील हौशींसाठी याहून मोठा प्रश्न कायद्याचा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळालाही. मालवण असो, लक्षद्वीप असो वा मन्नारचे आखात, तेथील प्रवाळखडक उचलणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा असून त्यासाठी ३ ते ७ वर्षे तुरुंगवासाची तरतूद आहे. ‘समुद्रात पडलेलाच होता’ हा बचाव चालत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडानेही नैसर्गिक खडक काढणे १९९० च्या दशकात बंद केले. तेथे व्यावसायिक खाणीतला चुनखडक समुद्रतळावरील भाड्याच्या जागेत टाकतात आणि त्यावर जीव वाढले की बाहेर काढतात.

आपल्याकडे सरळ मार्ग एकच: सिमेंटचा किंवा सिरॅमिकचा कृत्रिम खडक घ्यावा आणि तो घरीच ‘जिवंत’ करावा. त्यासाठी नळाचे क्लोरीनयुक्त पाणी टाळून आरओचे पाणी वापरावे. त्यात समुद्री मत्स्यटाकीसाठीचे तयार मीठ लिटरमागे ३५ ते ४० ग्रॅम घालून विशिष्ट गुरुत्व १.०२५ वर आणावे. स्वयंपाकघरातले मीठ उपयोगाचे नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे योग्य प्रमाणात नसतात. सिमेंटचा खडक आधी बरेच आठवडे पाण्यात भिजवून ते पाणी बदलत राहावे, अन्यथा सामू भलताच चढतो. त्यानंतर पाण्याचे तापमान २५-२६ अंश सेल्सिअस ठेवून पंप अखंड चालवावा. मुंबईच्या उन्हाळ्यात चिलरशिवाय हे कठीण, हे खर्चाचा अंदाज बांधतानाच लक्षात घ्यावे.

आता जिवाणूंना अन्न हवे. पूर्वी यासाठी चिवट डॅमसेल मासे सोडले जात. ही क्रूर आणि अनावश्यक पद्धत आहे. मत्स्यटाकीसाठी मिळणारे अमोनियम क्लोराइडचे द्रावण दर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया होईल इतके घालावे. बाटलीबंद जिवाणू मिळाल्यास काम लवकर होते. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढते, मग तेही उतरून नायट्रेट दिसू लागते. यास चार ते सहा आठवडे लागतात. मध्येच काचेवर तपकिरी थर येतो. तो डायटम शैवालाचा असून बहुधा आपोआप जातो. त्याला घाबरून सारी टाकी धुऊन काढणारे पुन्हा पहिल्या दिवसावर येतात.

घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसले की निम्मे पाणी बदलून एकच छोटा मासा सोडावा. त्यानंतर आठवडाभर रोज अमोनियाची चाचणी करावी. आकडा शून्यावरून हलला नाही, तरी दुसऱ्या माशासाठी आणखी दोन आठवडे थांबावे.