पडेगावचा कचरा आणि आपले पाचट



पाडेगाव म्हटले की ऊसवाल्याच्या डोळ्यांपुढे फलटण तालुक्यातले ऊस संशोधन केंद्र उभे राहते. १९३२ सालापासूनचे हे केंद्र. को ८६०३२ या जातीची शिफारस तिथूनच १९९६ साली झाली, आणि हे बेणे रानात एकदाही न लावलेला सभासद आता शोधूनच काढावा लागेल. पण आज आम्ही लिहीत आहोत ते त्या पाडेगावबद्दल नव्हे, तर काना नसलेल्या पडेगावबद्दल.

घृष्णेश्वराच्या दर्शनाला किंवा खुलताबादला भद्रा मारुतीला निघालात, की छत्रपती संभाजीनगरची छावणी मागे पडते आणि पडेगाव लागते. पुढे मिटमिटा, मग दौलताबादचा किल्ला. एके काळचे हे खेडे आता शहरातच जमा झाले आहे. या गावाची गोष्ट ऊसवाल्याने का ऐकावी, असे कोणी म्हणेल. थोडा दम धरावा.

शहराचे नाव औरंगाबाद होते तेव्हाची गोष्ट. रोजचा चारशे टनांहून अधिक कचरा अनेक वर्षे शहराबाहेर नारेगावला नेऊन ओतला जात होता. कचऱ्याचा डोंगर झाला. घाण वास, धूर, माशा आणि मोकाट कुत्री आजूबाजूच्या गावांच्या वाट्याला आली. घाण शहराची आणि सोसायचे खेड्याने, असा तो हिशेब! अखेर १६ फेब्रुवारी २०१८ पासून नारेगाव-मांडकी परिसरातील गावकऱ्यांनी रस्त्यावर बसून कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही तिथे कचरा टाकण्यास मनाई केली. मग शहर अडले. गल्लीबोळांत ढीग साचले, लोकांनी ते पेटवून दिले. गाड्या दुसरीकडे वळविल्या तर तिथलेही लोक उठले. ७ मार्च २०१८ रोजी पडेगावला लागूनच असलेल्या मिटमिट्यात दगडफेक झाली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या. बिचाऱ्या मिटमिटेकरांनी तरी दुसऱ्याची घाण का घ्यावी?

एवढे झाल्यावर उपाय निघाला. कचरा नुसता टाकायचा नाही, त्यावर प्रक्रिया करायची असे ठरले. चिकलठाणा, हर्सूल, कांचनवाडी आणि पडेगाव अशा चार जागा निश्चित झाल्या. पडेगावच्या वाट्याला रोज १५० टन क्षमतेचे केंद्र आले. कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याची योजना झाली, तिची क्षमता ३० टनांची. आपल्या गोठ्याशेजारच्या गोबर गॅसचाच हा थोरला भाऊ म्हणा ना!

प्रक्रिया म्हणजे तरी काय? ओला कचरा वेगळा काढायचा, लांबट ढीग लावायचे, ओल राखायची, पलटी द्यायची. आतली उष्णता पन्नास-साठ अंशांवर जाते. ढीग निवला, कुजला की चाळून खत घ्यायचे. आपल्या बायाबापड्या उकिरड्यावर हेच पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या, त्याला कोणी प्रक्रिया म्हटले नाही एवढेच. फरक एकच, आणि तो मोठा आहे. आपल्या उकिरड्यात शेण, राख, काडीकचरा असायचा. शहराच्या कचऱ्यात काच, प्लॅस्टिक, औषधांच्या बाटल्या आणि जुने सेल येतात. म्हणून ओले-सुके घरातच वेगळे झाले पाहिजे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ते सक्तीचे केले. सगळे एकत्र आले की मागून कितीही चाळा, खतात काचेचे तुकडे राहायचेच. शहरी खताला शेतकरी नाक मुरडतो तो यामुळे, आणि आमच्या मते त्यात त्याचे काही चुकत नाही. खत नियंत्रण आदेशानुसार अशा खतात सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के हवा. शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंनाही मर्यादा घातलेली आहे. शहरी खत स्वस्त मिळते म्हणून ट्रॉली भरण्याआधी तपासणीचा दाखला जरूर मागावा. दाखला नसेल तर ट्रॉली रिकामी परत आणलेली बरी.

आता आपल्या रानात या. पडेगावात एवढा खटाटोप करून जो सेंद्रिय माल मिळवायचा, तो आपल्या फडात तोडणीनंतर आपोआप पडलेला असतो. ना वेचायचा, ना निवडायचा. त्यात काच नाही की प्लॅस्टिक नाही. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद आणि ७५ ते १०० किलो पालाश असतो, आणि तीन-चार टन सेंद्रिय कर्ब. आणि आपण काय करतो? टोळी बांधावर गेली की काडी ओढतो. नत्र आणि कर्ब धुरावाटे जातात. पालाश तेवढा राखेत राहतो, तोही वाऱ्याने उडतो किंवा पहिल्या पाण्याबरोबर वाहून जातो. वर जमिनीतले जिवाणू भाजून निघतात. वारा फिरला तर शेजाऱ्याचा उभा फड पेटतो, मग जळीत उसाची कपात आणि वर्षानुवर्षांचा अबोला.

पाचट जाळणारा सभासद काही अडाणी नाही. त्याची कारणे आम्ही ऐकली आहेत. पाचटात उंदीर होतात, सरीत पाणी पुढे सरकत नाही, खत घालायला अडचण होते, फुटवा दबतो. यात तथ्य आहे. पण प्रत्येकावर इलाज आहे. पाचट गोळा करून ढीग लावू नये, सरीत सारखे पसरावे. बुडख्यांवर पडलेले तेवढे बाजूला ओढावे, बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत आणि त्यांवर शिफारशीप्रमाणे बुरशीनाशक फवारावे. म्हणजे कोंब जमिनीखालून जोमाने येतात. रासायनिक खत वरून फेकू नये. पहारीने बुडख्याजवळ भोक पाडून द्यावे, पाचटाची अडचणच राहत नाही. पहारीचे काम दोन माणसांचे आणि कंटाळवाणे आहे, हे खरे.

पाचट पसरल्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत, अशी शिफारस आहे. एकराला ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो. पाचटालाच युरिया कशाला, असा प्रश्न हमखास येतो. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे. कुजविणाऱ्या जिवाणूंना अंग धरायला नत्र लागते. ते आपण दिले नाही तर ते जमिनीतून ओढून घेतात, आणि खोडवा पिवळा पडतो. "पाचट ठेवले अन् ऊस पिवळा पडला" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांनी नेमका हा युरियाच वाचविलेला असतो.

पाण्याचे तर सांगायलाच नको. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, तेव्हा मराठवाड्यातल्या उसाकडे सगळ्या राज्याने बोट दाखविले. ते बोट आपल्याला बोचले, आणि बोचायलाच हवे होते. पाचटाने झाकलेल्या जमिनीत ऊन सरळ पोचत नाही, ओल टिकते, दोन पाण्यांतले अंतर वाढविता येते. ठिबक असेल तर उत्तमच. पण ठिबकला भांडवल लागते, पाचटाला लागत नाही. तणही दबते, म्हणजे खुरपणीला जाणाऱ्या घरच्या बायकांची पाठ थोडी तरी वाचते.

एक गोष्ट कारखान्याच्या बाजूचीही बोलली पाहिजे. गाळलेल्या उसाच्या शेकडा तीन-चार टक्के प्रेसमड निघते. तेही मूळचे आपल्याच रानातले. २०१८ च्या 'सतत' योजनेनंतर प्रेसमडला गॅस प्रकल्पांचे नवे गिऱ्हाईक मिळाले. गॅस व्हावा, त्याला आमची हरकत नाही. पण गॅस काढून उरलेला चोथा सभासदाच्या शेतात परत आला पाहिजे, हा मुद्दा वार्षिक सभेत कोणीतरी उठून मांडावा. आभाराच्या ठरावाआधी मांडला तर अधिक बरे.

घरी चार-पाच जनावरे असणाऱ्यांनी दोन घनमीटरच्या गोबर गॅसचाही विचार करावा. रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते, पाच-सहा माणसांचा स्वयंपाक भागतो, आणि बाहेर पडणारी स्लरी पाटाच्या पाण्याबरोबर सोडली की तीच पाचट कुजवायलाही मदत करते. गोठा फडापासून लांब असेल तर मात्र स्लरी वाहून नेण्यात दम निघतो. अशांनी ती खड्ड्यात काडीकचऱ्यावर ओतून खत करावे आणि जून उजाडण्यापूर्वी गाडीने रानात न्यावे.