दोन शिक्षकांची शाळा

ठाणें जिल्ह्याच्या पूर्वेस शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहेत. शहापुराच्या बाजूस माहुलीचा किल्ला व कसाऱ्याचा घाट, मुरबाडाच्या बाजूस माळशेज. मुंबई शहर जें पाणी पितें, त्याचा मोठा भाग शहापूर तालुक्यांतील तलावांतून जातो; त्यांपैकीं तानसा तलाव १८९२ सालीं पुरा झाला. राजधानी इतकी जवळ असली तरी वस्ति मात्र डोंगराच्या कुशींत विखुरलेल्या पाड्यांची आहे. कुणबी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा लोकांच्या या पाड्यांतून जिल्हा परिषदेच्या ज्या प्राथमिक शाळा आहेत, त्यांपैकीं पुष्कळ शाळा दोन शिक्षकांच्या आहेत. शिक्षणाच्या सुधारणेचे बेत राजधानींत ठरतात. ते अंमलांत यावयाचे ते मात्र या दोन शिक्षकांच्या हातून. म्हणून ही सुधारणा त्यांच्या वर्गांत बसून पाहिली तर कशी दिसते, तें श्रोत्यांपुढें मांडण्याचा येथें विचार आहे.

बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. त्या कायद्याप्रमाणें प्राथमिक शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत. हिशेब पाहतां तीस मुलांना एक शिक्षक, म्हणजे शहरांतील कित्येक शाळांहून ही स्थिति बरी, असें कोणासहि वाटेल. परंतु शहरांतील शिक्षकापुढें बसलेलीं मुलें एका इयत्तेचीं असतात, आणि पाड्यावरील शिक्षकापुढें दोन किंवा तीन इयत्तांचीं मुलें एकाच खोलींत बसलेलीं असतात. त्यांतून एक शिक्षक बैठकीस किंवा रजेवर गेला, म्हणजे सर्व इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यांत पडतात. अशा वेळीं कोणत्या इयत्तेला काय शिकवावें, हा प्रश्न कठीण नसतो. ज्या इयत्तेला त्या घटकेस शिकवीत नाहीं, तिनें काय करावें, हा खरा प्रश्न होय. ‘पाढे लिहा’, ‘धडा उतरून काढा’, असें सांगून तिला गप्प बसविलें, तर दिवसाचा अर्धा वेळ त्या मुलांच्या दृष्टीनें फुकट जातो.

या प्रश्नाचें एक उत्तर आपल्याकडे जुनेंच आहे. पंतोजीच्या शाळेंत इयत्ता नव्हत्या. धूळपाटीवर अक्षर गिरविणाऱ्या लहान मुलाचा हात मोठा मुलगा धरीत असे, आणि पंतोजी सर्वांवर नजर ठेवी. मद्रासेंत असलेला अँड्र्यू बेल नांवाचा स्कॉटिश पाद्री याने हीच रीत देशी शाळांत पाहिली, आपल्या शाळेंत चालविली, आणि १७९७ सालीं तीवर लंडन येथें पुस्तक छापलें. पुढें ती इंग्लंडांत फार पसरली. मात्र तेथें शेंकडों मुलें एका शिक्षकाच्या हवालीं करून सर्व शिकविणें मोठ्या मुलांवर सोंपविलें गेलें, आणि शिक्षण केवळ घोकंपट्टीचें झालें. तेव्हां या रीतींतील गुण घेतांना तिचा दोषहि ओळखला पाहिजे. मोठें मूल लहानाला वाचून दाखवील, त्याचें लिहिलेलें तपासील. पण नवीन गोष्ट समजावून देणें हें शिक्षकाचेंच काम राहिलें पाहिजे.

चांगला शिक्षक वाचनाच्या तासाला इयत्तांच्या रांगा मोडतो. अक्षरें न येणारीं मुलें एका गटांत, शब्द वाचणारीं दुसऱ्या गटांत, आणि गोष्ट वाचणारीं तिसऱ्या गटांत तो बसवितो. मग त्यांतील कोणी दुसरींतलें असो, कोणी चौथींतलें. पहिलीं वीस मिनिटें तो अक्षरांच्या गटांत जमिनीवर बसतो. तोंपर्यंत दुसऱ्या गटापुढें शब्दांच्या चिठ्ठ्या असतात, आणि तिसऱ्या गटांतील मूल गोष्ट वाचून तिच्यावर तीन प्रश्न काढीत असतें. नंतर शिक्षक जागा बदलतो. याला खर्च फारसा नाहीं. आदल्या दिवशीं सायंकाळीं चिठ्ठ्या व कामें तयार करण्यास लागणारा वेळ एवढाच काय तो खर्च. हा वेळ शिक्षकाजवळ उरतो कीं नाहीं, यावर पुढचें सर्व अवलंबून असतें.

दुसरी अडचण भाषेची. ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या घरांत जी बोली चालते, ती पुस्तकांतील मराठीहून बरीच वेगळी. शिक्षक घाटावरून आलेला असला, तर त्याच्या तोंडीं ज्वारी-बाजरी येते. मुलाच्या ओळखीचीं पिकें भात, नाचणी आणि वरी. मूल उत्तर देत नाहीं, म्हणून तें मंद आहे, असा समज होतो. वस्तुतः त्याला उत्तर ठाऊक असतें, प्रश्नच कळलेला नसतो. यावर उपाय असा कीं, पहिले शब्द मुलाच्या घरांतून व रानांतून घ्यावेत. पावसापूर्वीं भाताचें रोप टाकावयाच्या जागेवर शेण, पाला, कवळ पसरून जाळतात, त्याला राब भाजणें म्हणतात. या भागांतील प्रत्येक मुलाला ‘राब’ हा शब्द माहीत आहे. त्यांत र आणि ब हीं दोन अक्षरें व एक काना एवढेंच शिकावें लागतें. आणि तेवढ्यावर ‘बारा’, ‘बरा’, ‘बाबा’, ‘रबर’ हे शब्द मूल आपण होऊन वाचूं लागतें. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत, शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरची भाषा हें शिक्षणाचें माध्यम असावें, असें म्हटलें आहे. त्या वाक्याला वर्गांत अर्थ येतो तो असल्या शब्दांनीं. मुलाच्या बोलीला हंसूं नये, आणि पुस्तकी मराठीहि सोडूं नये. एकीवरून दुसरीकडे जाण्याचा पूल शिक्षकानें बांधावा.

तिसरी अडचण या दोहोंहून मोठी आहे. भाताची कापणी झाली, दिवाळी आटोपली, कीं कातकऱ्यांचीं व इतर भूमिहीनांचीं कित्येक कुटुंबें भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडावर परत येतात. पावसाळ्यांत हातीं काम नसतें, तेव्हां मालकाकडून उचल घेतलेली असते. ती हंगामभर राबून फेडावयाची. मजुरी हजार विटांमागें ठरते, आणि आठवड्याला खर्चीपुरते पैसे मिळतात. मूल आईबापांबरोबर जातें. मोठें असेल तर विटा उलथतें व वाहतें, लहान असेल तर त्याहून लहान भावंडाला संभाळतें. शाळेच्या हजेरीपत्रकांत त्याचें नांव असतें, मूल नसतें. पुढें ज्येष्ठांत तें शाळेंत येतें, तेव्हां त्याचे सोबती पुढें गेलेले असतात. असें तीन-चार वर्षें झालें, म्हणजे नांव चौथींत पोहोंचतें आणि वाचन पहिलींतच राहतें. मग शाळा सुटते ती कायमची.

शिक्षकांची संख्या ३० सप्टेंबरचा पट पाहून ठरविण्याची रीत चालत आलेली आहे. म्हणजे मोजदाद होते ती दिवाळीपूर्वीं, पाडा भरलेला असतांना. शाळेची खरी कसोटी लागते ती माघ-फाल्गुनांत, आणि त्या वेळीं कोणी मोजावयास येत नाहीं.

यावर कांहीं योजना झालेल्या आहेत. आईबाप बाहेर गेले तरी मूल गांवांतच आजी-आजोबांजवळ राहावें व त्याला जेवण मिळावें, यासाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं. मूल जेथें जाईल तेथील शाळेनें त्याला बसवून घ्यावें, म्हणून शिक्षण हमी पत्रक देण्याची प्रथा पडली. ठाणें जिल्ह्यांत विधायक संसद या संस्थेनें वीटभट्टीवरील झोंपड्यांजवळच ‘भोंगाशाळा’ चालविल्या; मजुरांच्या कच्च्या विटांच्या झोंपडीला भोंगा म्हणतात. या सर्वांचें यश वेळेवर अवलंबून आहे. वसतिगृह दिवाळीपूर्वीं उघडलें तर मूल राहतें. पौषांत उघडलें तर मूल आधींच भट्टीवर गेलेलें असतें. म्हणून जाणता शिक्षक नवरात्रांतच पाड्यावर फेरी मारतो. कोणी उचल घेतली आहे, घरांत मागें कोण राहणार आहे, हें तो विचारतो. एखाद्या आजीला, ‘आजी, नातवाला ठेवून घ्या, त्याच्या जेवणाचें आम्ही पाहूं’, असें विनवितो. हें काम कोणत्याहि पाठ-टांचणांत लिहिलेलें नसतें, पण याच्याशिवाय टांचण व्यर्थ होय.

आणि जें मूल जाणारच, त्याच्या गणिताला याच जीवनांतून विषय घेतां येतो. एका कुटुंबानें दिवसाला ७५० विटा पाडल्या, तर सहा दिवसांत ४,५०० झाल्या. हजारीं जो दर ठरला असेल त्याची साडेचारपट मजुरी झाली. तींतून आठवड्याची खर्ची वजा जातां उरलेली रक्कम उचलींत वळती व्हावयास हवी. चौथींतल्या मुलाला हा हिशेब करतां येतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली. तथापि ज्या घरांत कोणालाहि आंकडे वाचतां येत नाहींत, त्या घरानें मालकाच्या वहींत काय लिहिलें आहे तें कसें जाणावें? तेथें मुलाचें लिहिणें-वाचणें म्हणजे कुटुंबाच्या भाकरीचें रक्षण आहे.

शाळेनें मुलाच्या जीवनाप्रमाणें वळावें, हा विचार या जिल्ह्याला नवा नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या, आणि पुढें हें काम डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तो भाग तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत आहे. मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच बालवाडीच वस्तींतल्या अंगणांत गेली. तिला अंगणवाडी म्हणूं लागले, आणि १९७५ सालीं सरकारनें सुरू केलेल्या बालविकास योजनेंत तेंच नांव देशभर गेलें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं शिक्षिका कुरणांत गेली, ती कुरणशाळा झाली. माँटेसरीचीं महाग साधनें परवडत ना, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानें, खडे हीं साधनें झालीं. या दोघी विदुषींनीं आधीं मुलाचा दिवस पाहिला, आणि मग शाळेचें वेळापत्रक केलें.

मुरबाड तालुक्यांतील फांगणे या गांवीं याच विचाराचें एक निराळें फळ दिसलें. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या प्रयत्नानें ८ मार्च २०१६ रोजीं ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजीबाई गुलाबी लुगडें नेसून, पाटी-दप्तर घेऊन, घरचीं कामें आटोपल्यावर दुपारीं दोन तास अक्षरें गिरवूं लागल्या. याचें कौतुक परदेशापर्यंत पोहोंचलें. प्राथमिक शिक्षकाला त्यांतून घेण्यासारखें असें कीं, वेळ ठरविली ती शिकणाराच्या कामाकडे पाहून, आणि प्रेरणा निघाली ती गांवांतून. शिवाय ज्या आजीला आंगठ्याऐवजीं सही करतां येते, ती नातवाला शाळेंत धाडतांना निमित्तें शोधीत नाहीं.

तिसरी पुरी करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचतां यावें व साधें गणित करतां यावें, असें उद्दिष्ट ठेवून केंद्र सरकारनें २०२१ सालीं ‘निपुण भारत’ ही मोहीम काढली आणि त्यासाठीं २०२६-२७ ही मुदत घातली. उद्दिष्ट योग्यच आहे. परंतु तें गांठण्यास वर्गांत तास लागतात. २००९ च्या कायद्यानें जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकाला शाळेबाहेरचीं कामें देऊं नयेत असें सांगितलें आहे. त्याच कायद्यांत, उशिरां दाखल झालेल्या मुलाला वयानुरूप वर्गांत बसवून विशेष शिक्षण द्यावें, अशीहि आज्ञा आहे. भट्टीवरून परत आलेलें मूल त्याच न्यायानें या विशेष शिक्षणाला पात्र मानलें पाहिजे. दोन शिक्षकांच्या शाळेंत एकजण माहितीचे तक्ते भरीत बसला, तर हें शिक्षण कोणी द्यावें?

तेव्हां शहापूर-मुरबाडच्या शाळांविषयीं ज्यांना आस्था आहे, त्यांनीं दोन वेळां शाळेंत जावें. एकदां फाल्गुनांत जाऊन पटावरील किती मुलें वर्गांत बसलीं आहेत तें पाहावें. आणि एकदां शाळा उघडल्यावर, पहिल्या पावसांत, भट्टीवरून परत आलेल्या मुलाला जवळ बसवून त्याच्याकडून चार ओळी वाचवून घ्याव्यात. त्यानें वाचल्या, तर सुधारणा पाड्यापर्यंत आली असें समजावें. न वाचल्या, तर त्या मुलाला दोष न देतां, त्याच्या शिक्षकाला रोजचा एक तास मोकळा करून देण्याची खटपट करावी.