सहल आणि शिदोरी

मध्य रेल्वेचा कल्याणहून कर्जतकडे जाणारा मार्ग उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन नगरांतून जातो. कारखाने, बाजारपेठा आणि दाट वस्ती यांनी ही नगरे गजबजलेली असली, तरी डोंगर, ओढे व प्राचीन शिल्प तेथून दूर नाहीत. म्हणून सुट्टीच्या दिवशी अनेक कुटुंबे जवळपासच सहलीस निघतात. संध्याकाळी परतताना कोणी प्रसन्न असतो, तर कोणी पोट धरून बसलेला असतो. असा फरक का पडावा?

सहलीचा पहिला लाभ म्हणजे चालणे. अंबरनाथ स्थानकापासून सुमारे दोन किलोमीटरांवर, वालधुनी नदीच्या काठी, काळ्या पाषाणाचे कोरीव शिवालय आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० या वर्षाचा उल्लेख आहे. शिलाहार राजांच्या काळातील हे मंदिर पाहावयास वाहनातूनही जाता येते. पण जो पायी जाऊन पायी परततो, त्याला सुमारे एक तासाचा व्यायाम घडतो. वाढत्या वयाच्या मुलांनी रोज निदान साठ मिनिटे अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भरभर चालण्याने हृदयाची गती वाढते, श्वास खोल होतो आणि पायांचे स्नायू बळकट होतात.

चालले की भूक लागते. अशा वेळी तळलेले पदार्थ पोटभर खाल्ले, तर ते पचावयास वेळ लागतो व अंग जड होते. आपल्या पूर्वजांना हे अनुभवाने ठाऊक होते. म्हणून ते प्रवासात भाकरी, दशमी, शेंगदाण्याची कोरडी चटणी व गूळ अशी शिदोरी बांधून घेत. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात. त्यामुळे ती मऊ राहते. १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्या घरची ‘कोकी’ ही अशीच प्रवासाची भाकर होय. कणकेत कांदा, मिरची व तेल घालून ती जाड लाटतात आणि मंद आचेवर खरपूस भाजतात.

याउलट ओल्या खोबऱ्याची चटणी किंवा शिजवलेला भात उन्हात लवकर आंबतो. ओलावा आणि ऊब मिळाली की जंतू झपाट्याने वाढतात. असे अन्न दोन तासांहून अधिक काळ उघड्या हवेत ठेवू नये. शिदोरीला काकडी, केळी किंवा त्या त्या ऋतूतील फळांची जोड द्यावी. पावसाळ्याच्या तोंडाशी बदलापूरची प्रसिद्ध जांभळे मिळतात. ती स्वच्छ धुऊन खावीत.

पाणी मात्र घरूनच न्यावे. ओढ्याचे पाणी नितळ दिसले, तरी ते पिण्यास योग्य असेलच असे नाही. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. दूषित अन्नपाण्याने जुलाब झालेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे आणि डॉक्टरांकडे जावे. चमचा चहाचा असावा.

चपळाई आणि अविचार यांतील भेदही जाणला पाहिजे. बदलापूरजवळचे कोंडेश्वर पावसाळ्यात रमणीय दिसते. परंतु तेथील कुंडात आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळला की खालचा प्रवाह क्षणात वाढतो. म्हणून ती शोभा काठावरूनच, दुरून पाहावी. बंदीची सूचना असेल, तर तेथे जाऊच नये.

उत्तम सहलीस फार पैसा लागत नाही. चालण्यास तयार पाय, बरोबर स्वच्छ पाणी आणि घरची साधी शिदोरी एवढे असले म्हणजे पुरे. जेवणानंतर खरकटे व कागद गोळा करून परत आणावेत, म्हणजे मागून येणाऱ्यांनाही ती जागा तितकीच रम्य वाटेल. सहलीहून परतलेले मूल सोमवारी ताज्या मनाने शाळेत आले, तर ती सहल सफल झाली असे समजावे.