पाटल्या मोडण्याआधी...

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीज आटोपली होती. फराळाची ताटं अजून बैठकीतच होती आणि पुण्याहून आलेला माझा पुतण्या मोबाइलवर काहीतरी बघून पोट धरधरून हसत होता. पुतण्या आठवीत आहे, पुण्यातल्या एका नामांकित इंग्रजी शाळेत. तिथली वर्षाची फी ऐकली तर आमच्या घराचं दोन वर्षांचं वाणसामान त्यात येईल! आम्ही पडलो आखाडा बाळापूरची माणसं. अशी शाळा म्हटली की आपोआपच आवाज खाली येतो.

"काय रे एवढं हसतोस?" म्हणून आम्हीही डोकावलो. सिनेमातली आलिया भट होती. करण जोहरच्या 'कॉफी विथ करण' कार्यक्रमातला, 2013-14 च्या सुमाराचा जुनाच तुकडा. भारताचे राष्ट्रपती कोण, असं तिला झटपट विचारलं आणि तिनं उत्तर दिलं, पृथ्वीराज चव्हाण! तेव्हा राष्ट्रपती होते प्रणव मुखर्जी आणि पृथ्वीराज चव्हाण होते आपले मुख्यमंत्री. आम्ही सगळेच हसलो. मीसुद्धा.

मामंजी तेवढे हसले नाहीत. चष्मा पुसत त्यांनी नातवाला विचारलं, "बरं, आपल्या महाराष्ट्रातल्या एक बाई राष्ट्रपती झाल्या होत्या. त्या कोण, सांग बघू."

पुतण्याचं हसणं थांबलं. त्यानं आईकडं बघितलं, मग मोबाइलकडं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आमची सहावीतली लेक म्हणाली, "प्रतिभाताई पाटील. जळगाव जिल्ह्यातल्या. 2007 ते 2012."

जाऊबाई लगेच म्हणाल्या, "अगं, त्यांच्या शाळेत असलं पाठांतर नसतंच मुळी." विषय तिथंच संपला, पण माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी आणि मी ठरवलं होतं की माझ्या पाटल्या मोडायच्या आणि लेकीला बाहेरगावी मोठ्या शाळेत घालायचं. सोनाराशी बोलणंही झालं होतं.

मोठी शाळा, छोटा प्रश्न

आता एका मुलीवरून सगळ्या शाळांना नावं ठेवणं बरोबर नाही. आलिया तेव्हा जेमतेम विशीतली होती, समोर कॅमेरा होता आणि उत्तर घाईत द्यायचं होतं. शिवाय पुढं 2014 मध्ये तिनं स्वतःच्याच अज्ञानाची टर उडवणारी फिल्म केली, लोकांबरोबर स्वतःही हसली. आपली चूक अशी जगापुढं मान्य करायला धीर लागतो.

पण हे एकटीचंच नाही. 2019 मधल्या 'कौन बनेगा करोडपती'चा एक भाग तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. राजस्थानातल्या बाडमेरच्या रूमा देवी आल्या होत्या. आठवीपर्यंत शिकलेल्या ह्या बाईंनी भरतकामातून हजारो बायकांना काम मिळवून दिलं आहे. त्यांच्या सोबतीला अभिनेत्री सोनाक्षी सिन्हा होती. मुंबईत वाढलेली, फॅशन डिझाइनची पदवी घेतलेली. प्रश्न आला, हनुमानानं संजीवनी कुणासाठी आणली? आपल्याकडं बालवाडीतलं पोरही 'लक्ष्मणासाठी' म्हणेल. तिथं मात्र तज्ज्ञाची मदत घ्यावी लागली.

आणि त्याच वर्षी, त्याच कार्यक्रमात आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी 1 कोटी रुपये जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या. मानधन किती? महिना 1500 रुपये! चुलीपुढं उभं राहणाऱ्या बाईला वाचायला वेळ कुठला, असं आपण स्वतःच स्वतःला सांगतो ना? बबिताताईंनी त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे.

कुणी म्हणेल, नट-नट्यांचं काय घेऊन बसलात? त्यांना राष्ट्रपती माहीत नसले म्हणून देशाचं काय बिघडतं? खरं आहे, काही बिघडत नाही. पण राज्य चालवणाऱ्यांचं काय? 1999 मध्ये अमेरिकेत जॉर्ज बुश (धाकटे) राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहायच्या तयारीत होते. शिक्षण येल आणि हार्वर्ड या विद्यापीठांतलं, म्हणजे त्याच्यावर शाळा नाही! बोस्टनच्या एका टीव्ही पत्रकारानं त्यांना चेचन्या, तैवान, पाकिस्तान आणि भारत इथल्या नेत्यांची नावं विचारली. चारांपैकी फक्त तैवानचं नाव आलं, तेही अर्धवट. त्या वेळी आपले पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी होते आणि कारगिलची लढाई होऊन काही महिनेच झाले होते. नावं सांगायला सल्लागार असतात, असा त्यावर युक्तिवाद करता येतो. पण मला विचाराल तर, ज्या घरात आग लागली आहे त्या घरच्या माणसाचं नाव ठाऊक नसेल, तर सल्लागाराला तरी काय विचारणार?

उलट बाजूही बघा. वसंतदादा पाटलांना फारसं शाळेत शिकता आलं नाही. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग फोडला, गोळी झेलली. पुढं सांगलीला सहकारी साखर कारखाना उभा केला, मुख्यमंत्री झाले आणि 1983 मध्ये त्यांच्याच सरकारनं राज्यात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्या निर्णयाचं बरंवाईट काहीही म्हणा, पण शाळा कमी म्हणून जगाची समज कमी, असं त्यांच्याबाबत कुणी म्हणू शकणार नाही.

मग शिक्षण वायाच का?

छे, छे! तसं मला अजिबात म्हणायचं नाही. मी स्वतः बी.ए. आहे आणि इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. चिंतामणराव देशमुख केंब्रिजला शिकले, आय.सी.एस. झाले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 'मेघदूता'चा मराठी अनुवादही त्यांनी केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकले आणि 1950 मध्ये आपल्या मराठवाड्यातल्या मुलांसाठी औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढलं. मोठी विद्यापीठं त्यांच्याही नावामागं होतीच. पण पदवी हातात पडल्यावर त्यांचं वाचन थांबलं नाही. बाबासाहेबांच्या पुस्तकांसाठी तर घर बांधावं लागलं!

म्हणजे शाळा काय देते? चांगली इमारत, प्रयोगशाळा, इंग्रजी, चारचौघांत उभं राहायचा धीर. हे सगळं मोलाचं आहे. पण परीक्षेत जे येतं तेच शाळा शिकवते. प्रतिभाताई कोण, आपली नदी कुठं जाते, हळदीचा भाव का पडला, हे पेपरात येत नाही. ते घरात कानावर पडावं लागतं. आमच्या लेकीला ते माहीत होतं, ते ती हुशार म्हणून नव्हे. मामंजी रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात आणि ती भाजी निवडता निवडता ऐकते, म्हणून.

आणि एक सांगू? माणूस मोठा झाला की त्याला प्रश्न विचारणारं कुणी उरत नाही. खोटं वाटत असेल तर माझंच ऐका.

माझी फजिती

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. सातवीच्या वर्गात भूगोलाच्या तासाला एका मुलीनं विचारलं, "बाई, कयाधूचं पाणी शेवटी कुठं जातं?"

मी फळ्यावरची नजरही न काढता म्हटलं, "कुठं म्हणजे? नांदेडला गोदावरीत."

"नाही बाई. माझ्या मामाच्या गावाकडं ती पैनगंगेला मिळते."

वर्गात खसखस पिकली. मला राग आला. "पुस्तकात आहे तेवढं कर. गप्प बस खाली!" पोरगी बसली. तिची आई रोजानं शेतात जाते. त्या दिवशी तिनं पुन्हा हात वर केला नाही.

घरी येऊन नकाशा काढला आणि मला घाम फुटला. पोरगी बरोबर होती! आपली कयाधू हिंगोली, कळमनुरी करत पुढं पैनगंगेला मिळते. पैनगंगा विदर्भात वर्धा नदीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. नांदेडची गोदावरी आमच्या इतकी जवळ, पण आमचं पाणी एवढा मोठा वळसा घालून तिला भेटतं! इतकी वर्षं मी इथं राहते, रोज त्याच भागात वावरते, आणि मला हे माहीत नव्हतं. त्या नटीला हसणारी मी कोण?

त्या रात्री मला कळलं की न कळणं हा गुन्हा नाही. न कळलेलं झाकायला दुसऱ्याला गप्प करणं, हा आहे. बड्या लोकांच्या अज्ञानाचं मूळही बहुधा तिथंच असतं. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन आधी फळ्यावर कयाधूपासून समुद्रापर्यंतची वाट काढली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "काल बाई चुकल्या होत्या. ही बरोबर होती." मुलं आवाक झाली. ती पोरगी लाजून बाकाकडं बघत राहिली.

घरात काय करता येईल?

खर्च जवळजवळ नाही, म्हणून सांगते. करून बघा.

जेवायला बसतो त्या भिंतीवर महाराष्ट्राचा आणि भारताचा नकाशा लावा. बातमीतलं गाव मुलांनी बोटानं दाखवायचं. आमच्याकडं वरणात बुडालेलं बोट लागून बुलढाणा पिवळा झाला आहे, पण चालायचंच!

वीजबिल, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीच्या कराची पावती मुलांना वाचू द्या. तालुका, जिल्हा, मतदारसंघ हे शब्द तिथं जिवंत भेटतात. आपला हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला, हे माझ्या लेकीला आजोबांच्या जुन्या कागदावरच्या 'जिल्हा परभणी'वरून कळलं.

आठवडी बाजारात नेलंत तर विचारा, हा कांदा कुठला, ही केळी कुठून आली. दुकानदारही हौसेनं सांगतात.

मुलानं विचारलेलं येत नसेल तर सरळ म्हणा, "मला माहीत नाही, आपण बघू." आणि खरोखरच बघा. चुकलेल्या उत्तराला मात्र हसू नका, पाहुण्यांसमोर तर नाहीच.

आणि शाळा निवडायला जाल तेव्हा इमारत बघून झाली की ग्रंथालय बघा. पुस्तकं मुलांना घरी देतात का, ते विचारा. कपाटाला कुलूप आणि कुलपावर धूळ असेल, तर काय ते समजा.

निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांनाही पाणी दिल्यावर एखादा साधा प्रश्न विचारायला हरकत नाही. आपल्या भागातलं पाणी कुठं जातं, एवढा जरी विचारलात तरी पुरे!

पाटल्या सध्या डब्यातच आहेत. लेक दहावीपर्यंत इथंच शिकेल, मग नांदेडचं बघू, असं ह्यांचं आणि माझं ठरलं. जाऊबाईंना हे पटलं नाही. फोनवर तसं त्या म्हणाल्याही. पण परवा पुतण्यानं स्वतः फोन करून मामंजींना विचारलं, "आजोबा, प्रतिभाताईंच्या आधी राष्ट्रपती कोण होते?" मामंजींनी अब्दुल कलामांपासून जे सुरू केलं, ते अर्धा तास चाललं.

आणि ती सातवीतली पोरगी? तिनं पुन्हा हात वर केला. "बाई, आपल्या हळदीचा भाव कोण ठरवतं?"

मला येत नव्हतं. म्हटलं, "उद्या सांगते."