तान्ह्या पोळ्याचा नंदी : घासणी आणि रंगरंगोटी घरच्या घरी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा घेतात. नागपूरला राजे रघुजी भोसले (दुसरे) यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असे सांगतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा बघायला तर लांबून माणसं येतात. खऱ्या बैलांची जोडी आता पुष्कळ गोठ्यांतून गेली, पण नंदी अजून टिकून आहे.

रंगवलेला नंदी विकत घेण्यापेक्षा गावच्या सुताराकडून कोरा नंदी घ्या. त्याला चार पैसे मिळतात आणि रंग कोणता लावला हे आपल्याला ठाऊक राहते. सागाच्या तुकड्याचा उत्तम. मात्र त्यासाठी धुऱ्यावरचा साग तोडू नका, स्वतःचा असला तरी परवानगी लागते. आरामशीनवरचा वाळलेला तुकडा पुरतो. ओल्या लाकडाचा नंदी दिवाळीपर्यंत तडकतो.

डवरणीची घाई उरकली की घासायला बसा. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी २२०. लाकडाच्या रेषा जातात त्याच दिशेने हात चालवायचा. आडवा घासला तर ओरखडे रंग दिल्यावर उठून दिसतात. बारीक भेगांत लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरा. शेवटी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहतात, ते २२० ने हलकेच काढा. शिंगे, कान आणि पायांच्या कडा गोल करायला विसरू नका, लहान हातांत फास जाते.

आता रंगाचे. आपण काय करतो? बैलांच्या शिंगांचा उरलेला रंग किंवा सांदीतला जुना ऑइलपेंटचा डबा काढतो आणि नंदीला फासतो. इथेच घात आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते आणि अस्सल हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा पदार्थ. दोन वर्षांचे पोर नंदीचे शिंग आधी तोंडात घालते. शिसे थोडे थोडे पोटात गेले तरी मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, आणि वरून काही दिसत नाही. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे. डब्यावर तसे छापलेले बघूनच घ्या. जुना डबा मात्र नकोच.

लाकडाचाच पोत दिसावा असे वाटत असेल तर कात पाण्यात उकळून गाळा आणि फडक्याने लावा, छान तपकिरी छटा येते. हळदीचा पिवळा सुरेख दिसतो, पण उन्हात उडतो. कापलेल्या टोकाकडून लाकूड रंग जास्त पिते, तिथे फडके जवळजवळ कोरडेच ठेवा.

वरून चपडी लाखेचे पॉलिश. पाव लिटर स्पिरिटमध्ये ५० ग्रॅम चपडी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा आणि गाळून घ्या. लोखंडी डब्यात काळपट होते. चूल, विडी दूर ठेवा. पातळ तीन हात द्या, दर हातानंतर वाळू द्या.

मागे एका पोळ्याला मी आदल्या संध्याकाळी पॉलिश करायला बसलो. बाहेर झड लागलेली. सकाळी नंदी दुधात बुडवून काढल्यासारखा पांढरट! पोराने तोंड पाडले ते बोजारा मिळेपर्यंत. स्पिरिट उडताना दमट हवेतला ओलावा पॉलिशवर बसतो. म्हणून उघाड बघून, दुपारच्या कोरड्या हवेत हे काम करा.

पॉलिश नको असेल त्यांनी घाण्याचे जवस तेल अगदी पातळ चोळावे. पण ते वाळायला पावसाळ्यात तीन आठवडेही लागतात. तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

ग्रामपंचायत आणि शाळेच्या मंडळींनी नंदी-सजावटीच्या स्पर्धेत बक्षीस देताना चकाकीसोबत कोणता रंग लावला तेही विचारावे.

आणि हो, चाकांच्या आसाला पॉलिश लावू नका, चाक जाम होते. तिथे मेणबत्ती घासा.