मांजराची कमाई आणि आपली अमानत

शेअर बाजारात अक्कल चालते की नशीब? 2012 साली लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या रविवारच्या वृत्तपत्राने याची गंमतीदार परीक्षा घेतली. एका बाजूला गुंतवणुकीचे तीन तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला शाळेतली मुले आणि तिसरा स्पर्धक ऑर्लँडो नावाचा बोका! प्रत्येकाच्या नावे कागदोपत्री 5,000 पौंड. पाच कंपन्या निवडायच्या आणि दर तीन महिन्यांनी हवे तर बदल करायचा. बोका आकड्यांच्या पटावर आपला खेळण्यातला उंदीर टाकी. उंदीर ज्या आकड्यावर पडे, त्या कंपनीचे शेअर घेतले जात.

वर्षअखेर बोक्याकडे सुमारे 5,542 पौंड झाले, तज्ज्ञांकडे 5,176. मुलांचे तर मुद्दलही घटून 4,840 उरले.

म्हणजे मांजर शहाणे? नाही. सप्टेंबरअखेर तज्ज्ञांचा नफा 497 पौंड होता, बोक्याचा 292. हिशेब तीन महिने आधी झाला असता तर शाबासकी तज्ज्ञांना मिळाली असती. एका वर्षाच्या नफ्यावरून कुणाचीच हुशारी सिद्ध होत नाही.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ बर्टन माल्किएल यांनी 1973 मध्येच लिहिले होते, की डोळे बांधलेल्या माकडाने बाण मारून निवडलेले शेअरही तज्ज्ञांच्या निवडीइतकेच चालतील. कारण उघड आहे. कंपनीची बातमी आपल्या कानी येते, तोवर ती भावात मुरलेली असते.

आता मोबाइलवर येणाऱ्या 'टिप' आठवा. 'महिन्यात दुप्पट' म्हणणाऱ्याचा मागचा अंदाज खरा ठरलाही असेल. तसा तो बोक्याचाही ठरला होता! त्याच्या भरवशावर मुलीच्या शिक्षणाचे किंवा हजचे पैसे लावायचे का?

कुरआन शरीफमध्ये सूरह माइदाच्या 90व्या आयतीत जुगाराबरोबरच 'अज़लाम', म्हणजे बाण टाकून कौल घेण्याची रीतही निषिद्ध ठरवली आहे. तिजारतीत जोखीम असतेच. पण डोळे मिटून डाव लावणे म्हणजे तिजारत नव्हे.

म्हणून आम्हाला वाटते, पैसे लावण्यापूर्वी घरात बसून चार प्रश्न विचारावेत. कंपनीचा धंदा हलाल आहे का? तिच्यावर व्याजी कर्ज किती? सारी पुंजी एकाच ठिकाणी तर जात नाही ना? आणि बुडाली तर घर चालेल का? उत्तरे समाधानकारक नसतील तर थांबावे. घरची पुंजी ही मुलाबाळांची अमानत आहे.