दोन नाणी, तीन की चार?

दोन नाणी एकदम उडवली. दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एक-एक. तीनच प्रकार, मग प्रत्येकाची शक्यता तीनात एक. ठाकुर्लीतल्या नववी-दहावीच्या कुठल्याही वर्गात विचारा, हे उत्तर हमखास येणार. आणि ते चूक आहे.

हसू नका. दालाँबेरसारखा फ्रेंच गणितीही इथेच जवळपास घसरला. दोनदा नाणं उडवून निदान एकदा छापा येण्याची शक्यता तीनात दोन, असं त्याने १७५४ साली विश्वकोशात छापलं. खरं उत्तर चारात तीन.

बाईंनी उत्तर सांगून टाकलं की मजा संपली. त्यापेक्षा विचारावं, सकाळी आठच्या लोकलला ठाकुर्लीत विंडो मिळेल किंवा नाही मिळणार. दोनच प्रकार, म्हणून अर्धी-अर्धी शक्यता का रे? वर्ग हसतो, पण नाण्यांवरचा हट्ट सोडत नाही.

मग कॉम्प्युटर. स्प्रेडशीटच्या दोन रकान्यांत ० किंवा १ यादृच्छिक काढणारं सूत्र टाकायचं आणि हजार ओळी खाली ओढायचं. एक-एकची जोडी पाचशेच्या आसपास येते. पुन्हा चालवा, आकडा हलतो. ३३३ कडे मात्र फिरकत नाही.

पण का, हे यंत्र सांगत नाही. ते पुन्हा बाकांवरच भांडून काढावं लागतं. एक नाणं रुपयाचं आणि एक पाचाचं घेतलं की कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो: रुपया छापा-पाच काटा वेगळं, रुपया काटा-पाच छापा वेगळं! पुस्तकातल्या नमुना अवकाशात चार जोड्या का, ते आता उमगतं.

याहून अजब पुढेच आहे. खूप वेळा उडवलं की छापे-काटे 'बरोबरीत येतात', असं मोठी माणसंही मानतात. शंभर वेळा उडवलं तर छाप्यांचा आकडा निम्म्यापासून साधारण ५ ने ढळतो, दहा हजारांत ५० ने, दहा लाखांत ५०० ने. फरक वाढतच जातो! घटते ती टक्केवारी: ५, मग अर्धा, मग ०.०५. जास्त आलेल्या छाप्यांची भरपाई काटे करत नाहीत. ते जास्तीचे छापे मोठ्या संख्येत नगण्य होतात, इतकंच. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिच या गणितज्ञाने नाणं खरोखर दहा हजार वेळा उडवलं. छापे ५,०६७. निम्म्याहून ६७ जास्त.